वजनावरची मूठ

दुलईत कापूस असतो दोन किलो. बाकी सगळी हवा. ही हवा मी चाळीस वर्षं फुकट दिली, कारण गिऱ्हाईक दुकानात यायचं, दुलई खांद्यावर टाकायचं आणि चालू लागायचं. हवेलाही भाडं पडतं हे मला माझ्या मुलीने शिकवलं, तेही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, जेव्हा माणसाने नवीन काही शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी गाद्या-दुलया भरणारा. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड केलेली एक लांबट खोली, तेच दुकान. मागच्या जिन्याने वर गेलं की घर. फोमच्या गाद्या आल्या तशी दुकानाची पायरी झिजायची थांबली. शेवटी शेवटी दिवसाला एखादं माणूस यायचं, तेही काखेत जुनी उशी घेऊन, जरा फुगवून द्या म्हणत. मी चिडायचो. माझा स्वभाव तापट आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडाच्या वाफेने दुकानातला कापूस अजून पेटला कसा नाही याचंच नवल.

आमची मुलगी एका मोठ्या दुकानाच्या मालवाहतुकीचं काम बघायची. ते दुकान बुडालं आणि ती घरी आली. तिला आम्ही मापटं म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून ते नाव पडलं. आता अठ्ठावीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, पण नाव काही वाढलं नाही. आल्यावर आठ दिवस तिने नुसतं बघितलं. मग खिडकीशी उजेडात तीन दुलया पसरून फोटो काढले आणि त्या फोनवर विकायला ठेवल्या. चौथ्या दिवशी एक ऑर्डर आली, ज्या गावाचं नाव मी फक्त हवामानाच्या बातम्यांत ऐकलं होतं तिथून. मला इतका आनंद झाला की मी फक्त "बरं" म्हणालो.

खरं घोडं पुढेच अडलं. दुलई भरणं सोपं, ती पाठवणं महाकर्मकठीण. पहिल्या काही आम्ही गोणपाटात शिवून पाठवल्या. एक चिखलात लोळून पोचली, दुसरीवर वाटेत कुणीतरी निवांत बसून गेलं असावं. मग मोठी खोकी आणली. दुलई ऐसपैस मावली आणि पाठवणावळ शिलाईच्या वर गेली. मी पार्सलवाल्याला धरलं. हा रोज दुपारी चारला गाडी घेऊन येतो. शिडशिडीत माणूस, कानावर पेन्सिल, कायम घाईत. मी विचारलं, दोन किलोच्या वस्तूला नऊ किलोचे पैसे कसले घेता? त्याने समजावलं की गाडीत वजन संपत नाही काका, जागा संपते. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणायची, कंपनीने ठरवलेल्या आकड्याने भागायचं, आणि येईल ते आकाराचं वजन. खरं वजन आणि हे, दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. मी म्हटलं हा दरोडा आहे. तो म्हणाला असेल, पण सही इथे करा.

मग मापटं एक दिवस जाड प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आली. पिशवीत दुलई घालायची, तोंड बंद करायचं आणि घर झाडायच्या यंत्राची नळी लावून आतली हवा ओढून घ्यायची. घरघर झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी दुलई आक्रसत आक्रसत फळीएवढी झाली, फळीसारखी कडकही. मापटं खुशीत होती. मला मात्र ओळखीच्या माणसाचा कुणी गळा दाबतंय असं वाटत होतं. ती दुलई आठ दिवस कपाटात ठेवून आम्ही उघडली. फोम असता तर उसळून वर आला असता. कापूस तसा नसतो. एकदा त्याचे धागे जीव जाईपर्यंत दाबले की ते बसतात ते बसतातच. उन्हात घातली, काठीने झोडली, तर गोळे झाले. मी बोलू नये ते बोललो. तुला माल पाठवायचाय की माझी अब्रू, असं काहीतरी, आणि बरंच मोठ्याने. रस्त्यावरचा माणूस आत डोकावून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर दुकानाच्या फरशीवर मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पिवळी चिकटपट्टी लावलेली. अलीकडे माझं टेबल, वजनकाटा, कापसाच्या गोणी. पलीकडे तिचं टेबल, खोकी, मोजायचा टेप.

"भरणं तुमचं, बांधणं माझं," ती म्हणाली. "पट्टीच्या पलीकडे कुणी कुणाला शिकवायचं नाही."

मी रागात होतो, म्हणून ताबडतोब कबूल झालो. बायकोचं शिलाई मशीन नेमकं पट्टीवर येत होतं. तिने ते हलवायला साफ नकार दिला. म्हणाली, मी दोन्हीकडची.

यानंतर मापट्याने तीन दिवस वहीत डोकं घातलं. मग मला एक नमुना मागितला, नेमक्या दोन किलोंचा. मी भरत असताना ती समोर उभी राहिली आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत तिने नजर हलवली नाही. ती दुलई तिने लांबीत घड्या घालून गुंडाळली, सगळीकडून मापली आणि त्या मापाची तीनशे खोकी करून घेतली. साठ लांब, वीस रुंद, वीस उंच. हिशेबाने आकाराचं वजन पाच किलोच्या अगदी जरा आत. पाचच्या आत स्वस्त; पाचच्या एक केसभर वर गेलं की पुढचा टप्पा, आणि पुढच्या टप्प्यात आमच्या हाती काही उरत नाही. एवढं मलासुद्धा कळलं. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे. तोंडाने म्हटलं, खोकी जरा फिकट रंगाची आहेत.

दुलया जाऊ लागल्या. रोज तीन, कधी पाच. मी पिंजायचो, वजन करायचो, भरायचो, दाभणाने टाके घालायचो. बायको खोळी शिवायची. मापटं गुंडाळायची, खोक्यात कोंबायची आणि झाकणावर बसून चिकटपट्टी लावायची. दुकानात पुन्हा आवाज आला. मी सकाळी उठून खाली जायची वाट बघू लागलो, आणि हे वयाच्या साठीनंतर किती माणसांच्या वाट्याला येतं?

पण दर सोमवारी कंपनीकडून कागद यायचा, आणि दहातली आठ खोकी पाच किलोच्या वर दाखवलेली असायची. मापटं हैराण. तिने प्रत्येक खोक्याच्या कडेला टेप लावून फोटो काढले. कडेने वीस म्हणजे वीस. कंपनीचं यंत्र म्हणायचं साडेवीस, कधी एकवीस. ती फोनवर तासन्‌तास भांडली. शेवटी पार्सलवाल्याने कानावरची पेन्सिल काढली आणि एका खोक्यावर आडवी ठेवली. पेन्सिल डुलली.

"ताई, खोक्याला पोट आहे," तो म्हणाला. "तुम्ही कड मोजता, यंत्र पोट मोजतं."

झालं. मापटं तडक खोकेवाल्याकडे गेली. तुझा पुठ्ठा मऊ आहे म्हणून त्याच्याशी भांडली. तो बिचारा वीस वर्षं धंद्यात मुरलेला, त्याने मान खाली घालून पुढची खोकी जाड पुठ्ठ्याची दिली, पैसे न वाढवता. पोट जसंच्या तसं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, पण ते तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं.

अशा एका रविवारी जेवताना तिने सांगितलं की सहा तासांवरच्या शहरात एका मोठ्या गोदामाने तिला बोलावलंय. सगळं गोदाम तिच्या हाताखाली. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. ती रागाने बोलली नाही. नुकसान सोसून विकायचं याला धंदा म्हणत नाहीत, हौस म्हणतात, आणि हौस मी सुट्टीत येऊनही करीन, एवढंच म्हणाली. बायको म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आपण तर अंथरूणच विकतो. एरवी आम्ही हसलो असतो.

मला ती जायला नको होती. हे इथे सरळ लिहितो, कारण तेव्हा सरळ बोललो नाही. ती गेली असती तर दुकान महिन्याभरात बंद पडलं असतं, हे तर झालंच. पण दुकान हे मी पुढे करायचं कारण आहे. तिच्याशी मी त्या पाच महिन्यांत जेवढं बोललो, भले भांडण म्हणून, तेवढं आधीच्या दहा वर्षांत बोललो नव्हतो. सकाळी ती माझ्या आधी खाली येते आणि शटर अर्धंच उचलते, कारण पूर्ण उचललं की ते किंचाळतं आणि आईची झोप मोडते. हा आवाज न येण्याची मला सवय झाली होती. मी विचारलं, पगार बरा आहे का? आणि भात कालवू लागलो.

सोमवारी कंपनीचा कागद आला, तसाच. मापट्याने कपाटातून ती जुनी नमुन्याची दुलई काढली, नेहमीसारखी गुंडाळली आणि खोक्यात घातली. झाकण अलगद बसलं. पेन्सिल ठेवली, डुलली नाही. मग तिने माझी ताजी दुलई दुसऱ्या खोक्यात घातली. पोट आलं. दोन्ही दुलया तिने पट्टीपलीकडून माझ्या हातात दिल्या आणि मी त्या काट्यावर टाकल्या. काटा जुना, भरलेल्या गोणींचा, त्याला छटाक-दीड छटाकाचं सोयरसुतक नाही. त्याने दोन्ही सारख्याच दाखवल्या. ती कपाळाला हात लावून बसली. मी पट्टीच्या अलीकडे उभा होतो. दोन्हींतला फरक मला माहीत होता. जगात फक्त मलाच माहीत होता.

ज्या म्हाताऱ्या कारागिरापाशी मी शिकलो, त्याने मला पहिल्या दिवशी दाभण दिलं नाही, काटा दिला नाही. आधी एक गोष्ट सांगितली. वजन गिऱ्हाइकाचं, मूठ आपली. ठरलेलं वजन मोजून झालं की वर एक मूठ कापूस घालायचा, आणि तो मधोमध, जिथे झोपणाऱ्याची छाती येते तिथे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. तो कुणाला सांगायचा नाही, आणि कुणाच्या देखत घालायचा नाही. सांगितलं की ती मूठ राहत नाही, जाहिरात होते. चाळीस वर्षांत मी एकही दुलई मुठीवाचून शिवली नव्हती. बायकोलाही माहीत नव्हतं. एक नमुना तेवढा सुटला, कारण मापटं समोर उभी होती. आणि तिने सगळी खोकी नेमकी त्या नमुन्यावर बेतली.

आता सांगून टाकायला हवं होतं, नाही का? पण मी मूग गिळून गप्प बसलो. एक तर तो नियम. दुसरं म्हणजे पाच महिने ती लोकांशी भांडत होती आणि चोर घरातच होता, हे कुठल्या तोंडाने सांगणार. मी मनाशी ठरवलं, मूठ बंद. तिला कळायचीही गरज नाही. खोकी सपाट होतील, कागद नीट येईल, पोरगी राहील.

सोमवार दुपारपासून बुधवारपर्यंत मी अकरा दुलया मुठीवाचून भरल्या. वजन झालं की हात आपोआप गोणीकडे जायचा आणि मी तो मागे ओढायचो. खोकी सपाट. पार्सलवाल्याने एकेका खोक्यावर पेन्सिल ठेवून पाहिली आणि काय केलंत ताई, म्हणून विचारलं. मापट्याला वाटलं नवा जाड पुठ्ठा अखेर कामाला आला. ती गुणगुणत होती. माझं मात्र कशात लक्ष लागेना. अकरा ठिकाणी अकरा माणसं माझी दुलई पांघरणार होती आणि ती माझी नव्हती. मी कापसावर डाफरलो, दाभणावर डाफरलो, बायकोने चहा दिला त्यात साखर कमी म्हणून डाफरलो. ती म्हणाली, साखर तेवढीच आहे, तुमचंच काहीतरी कमी झालंय.

गुरुवारी दुपारी मापटं बाराव्या दुलईची घडी घालता घालता थांबली. तिने ती पुन्हा पसरली. मधोमध हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग दुलई तशीच दोन्ही हातांवर घेऊन ती पिवळ्या पट्टीवरून अलीकडे आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"बाबा, ही कुणी भरली?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

"मग इथे काय झालं?" तिने माझा हात धरून दुलईच्या मधोमध ठेवला. "तुमच्या दुलईवर इथे हात ठेवला की आधी जरा थांबतो आणि मग खाली जातो. हिच्यावर थांबतच नाही."

"वजन बरोबर आहे. दोन किलो. काट्यावर टाकून बघ."

"वजनाचं नाही विचारलं मी," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं तुमच्या दुलईखाली झोपतेय. ही तुमची नाही."

माझी समजूत होती की हिला फक्त टेप कळतो. खोक्यांचे आकडे, फोन, फोटो, एवढंच. जी गोष्ट मी चाळीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती, ती हिच्या तळहाताला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होती. मी तिथेच गोणीवर बसलो आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचा नियम, नमुना, पोट आलेली खोकी, आणि सोमवारपासून बंद केलेली मूठ. बायकोने मशीन थांबवलं.

मापटं आधी तापली. स्वभाव कुणावर गेलाय हे सांगायला नको. कंपनीच्या लोकांना ती काय काय बोलली, त्या खोकेवाल्याला कसं रडकुंडीला आणलं, त्याने पदरचा पुठ्ठा घातला, हे सगळं तिने मला ऐकवलं, आणि मी ऐकून घेतलं. ती दमली तेव्हा बायको म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्याकडची उघडली तेव्हा कळलं केवढ्याला पडली ते." आणि आधी मापटं हसली, मग मी.

हसू ओसरलं तसं मी बोलून टाकलं. आता लपवायला उरलं काय होतं.

"तू जाऊ नकोस. मूठ मी सोडली. खोकी आता सपाट जातायत, बघितलंस ना तू. तू राहा."

ती बराच वेळ त्या दुलईवर हात फिरवत राहिली.

"मूठ काढूनच राहायचं तर मी गोदामातच बरी, बाबा," ती म्हणाली. "वजनापुरतं भरलेलं तिथे ढिगाने असतं. आता त्या पट्टीचं विसरा आणि सांगा. मुठीसकट ही वीसमध्ये कशी बसवायची?"

तिने मला विचारलं. पिशवीच्या त्या प्रकारानंतर पहिल्यांदा विचारलं. मी उठलो आणि पट्टी ओलांडून तिच्या टेबलाशी गेलो. खरं सांगायचं तर पाच महिने मी अलीकडून बघत होतो आणि माझे हात शिवशिवत होते. ती दुलई गुंडाळून खोक्यात कोंबायची आणि खोक्याने तिला दाबून धरावं अशी अपेक्षा करायची. पुठ्ठा काय धरणार? पण शिकवायचं नाही असं ठरलं होतं, आणि मी शब्दाचा पक्का, विशेषतः रुसलेलो असताना.

"खोक्याने दुलई धरायची नसते," मी म्हणालो. "दुलईने स्वतःला धरायचं. खोक्याने फक्त झाकायचं."

आम्ही उमेदवारीत असताना खोकी नव्हतीच. गाडीच्या टपावर टाकून दुलया परगावी जायच्या. म्हातारा त्या काठीवर गुंडाळायचा. मी झाडूचा दांडा काढला, दुलईची कड त्यावर घेतली आणि गुंडाळायला लागलो, प्रत्येक वेढ्यावर गुडघा ठेवून, सावकाश. अशाने हवा पुढे सरकत सरकत दुसऱ्या टोकाने निघून जाते. कापूस वळतो, पण चिरडत नाही. मात्र गुडघा उचलला की सगळं सुटतं. म्हणून हे काम दोघांचं. एकाने दाबून धरायचं, दुसऱ्याने कापडाची पट्टी आवळून शिवायची. बायकोने खोळींच्या कापडातून उरलेल्या चिंध्यांच्या तीन लांब पट्ट्या फेकल्या. मापट्याने दाभण हातात घेतलं. पहिला टाका तिने माझ्या पँटलाही घातला, तो उसवला, मग तिन्ही पट्ट्या नीट बसल्या. मी दांडा ओढून काढला. त्याच्या रिकाम्या जागेत वळकटी आतून आणखी आवळली.

ही दुलई मुठीवाली होती. म्हणजे त्या बाराव्या दुलईची मधली शिवण उसवून आधी मी तिच्यात मूठ घातली होती, त्या दोघींना पाठ फिरवायला लावून. वळकटी खोक्यात सोडली. चारी बाजूंनी बोटभर जागा उरली. झाकणावर बसायची गरज पडली नाही. चारला पार्सलवाला आला, त्याने पेन्सिल ठेवली, आणि ती जागची हलली नाही.

शनिवारी सकाळी मापट्याने बांधायच्या टेबलापाशी उभं राहून गोदामाला फोन केला. आभार मानले आणि नाही म्हणून सांगितलं. मी तेव्हा दाभणात दोरा ओवत होतो. दाभणाचं भोक केवढं मोठं असतं, तरी मला चार वेळा ओवावा लागला.

पुढे आणखी एक परीक्षा होती. पट्ट्या बांधलेली एक दुलई आम्ही त्याच कपाटात आठ दिवस ठेवली, जिथे ती प्लास्टिकवाली ठेवली होती. नवव्या दिवशी पट्ट्या कापल्या. आधी काहीच झालं नाही आणि मापट्याने माझ्याकडे बघितलं. मग कड जराशी सैल झाली, एक वेढा सुटला, आणि सकाळी कुणी आळस देत उठावं तशी ती उठली. दोन तास उन्हात घातली तर जशी भरली होती तशी झाली. तेव्हापासून प्रत्येक खोक्यात मापट्याच्या अक्षरातला कागद असतो, पट्ट्या कापा, दोन तास उन्हात ठेवा. काठी मारू नका, हाताने थापटा, ही शेवटची ओळ माझी. एका गिऱ्हाइकाने कळवलं की पट्ट्या त्यांनी टोमॅटोच्या रोपांना बांधल्या. खोकेवाल्याकडे मापटं स्वतः गेली, माफी मागितली आणि त्याला एक उशी दिली. ती मी भरली होती. तिच्यात किती घातलं ते मी सांगणार नाही.

पिवळी पट्टी कुणी काढली नाही. येण्याजाण्याने ती आपोआप झिजली, आणि आता मशीनच्या पायाशी तिचा एक तुकडा तेवढा राहिलाय. सोमवारचे कागद नीट येतात. अकरा दुलया मात्र मुठीवाचून गेल्या त्या गेल्याच. त्यांचे पत्ते माझ्याकडे लिहिलेले आहेत. यांपैकी कुणी पुन्हा काही मागवलं, की त्यात दोन मुठी जातात.

गेल्या महिन्यात माझं मनगट धरलं. डॉक्टरने पंधरा दिवस दाभणाला हात लावू नका म्हणून सांगितलं. गुडघा शाबूत होता, म्हणून मी बांधायच्या टेबलावर गेलो आणि मापटं भरायच्या टेबलावर आली. पहिल्या दिवशी मी तोंडाने बरंच शिकवलं. दुसऱ्या दिवशी तिने मला मागे वळून खोकी मोजायला सांगितलं. खोकी सकाळीच मोजून झाली होती. मी मुकाट्याने पाठ केली.

समोर कपाटाची काच होती. तिने दोन किलो मोजले, काटा स्थिर होऊ दिला, कापूस खोळीत पसरला. मग आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून शिवत होती. माझ्या पाठीकडे पाहिलं. गोणीत हात घातला आणि एक मूठ मधोमध ठेवली. आपल्या हाताकडे जरा वेळ बघत राहिली. तिची मूठ माझ्या मुठीपेक्षा लहान. मग तिने आणखी एक घातली.

मी खोकी मोजत राहिलो. दुपारी ती दुलई माझ्या टेबलावर आली तेव्हा वळकटी नेहमीपेक्षा बोटभर जाड होत होती. गुडघा जरा जास्त दाबला आणि म्हटलं, शीव.